द्वारकाबाईंच्या जागी रक्ताभिसरण

आमच्या कॉलेजातलं तैलचित्र चोरणारी व्यक्ती सापडली. तिने गुन्हा कबूल केला, आम्हाला अळूवडी खाऊ घातली आणि निघताना डब्यात बांधूनही दिली.

हे तुम्ही वाचलेलं नाही. कॉलेजच्या दप्तरी नोंद अशी आहे की चित्र कधी चोरीला गेलंच नाही. म्हणजे चोर नव्हता, म्हणजे अळूवडीही नव्हती. तेव्हा आपण शुक्रवार सकाळपासून सुरू करू. त्या वेळी खरंच कुणाला काही माहीत नव्हतं.

१. प्रार्थना

कल्याणच्या द्वारकाबाई महिला महाविद्यालयात दिवसाची सुरुवात हॉलमध्ये प्रार्थनेने होते. समोरच्या भिंतीवर संस्थापिका कै. द्वारकाबाईंचं तैलचित्र. नऊवारी, पांढरे केस, गोल चष्मा, आणि तुम्ही जर्नल घरी विसरून आलाय हे कळल्यासारखी नजर. परीक्षेआधी त्यांच्यासोबत सेल्फी काढला की पेपर सोपा जातो अशी आमची श्रद्धा आहे. गेल्या वर्षी अर्थशास्त्रात सोपा गेला नाही, पण तो बहुतेक माझाच अँगल चुकलेला.

त्या शुक्रवारी आम्ही डोळे मिटले, प्रार्थना म्हटली, वाकून नमस्कार केला. मग पहिल्या रांगेतून आवाज आला.

"मॅडम, द्वारकाबाईंच्या शिरा दिसतायत."

भिंतीवर द्वारकाबाई नव्हत्या. तिथे 'मानवी शरीरातील रक्ताभिसरण' हा तक्ता होता. कातडी नसलेला एक गृहस्थ, निळ्या-तांबड्या नसा, चेहऱ्यावर कमालीची शांतता. आख्ख्या कॉलेजने त्याला नमस्कार केला होता. पन्नास वर्षांत त्या भिंतीवर लागलेला तो पहिला पुरुष.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं, पण सोमवारी कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाचा समारंभ होता आणि त्याला विद्यापीठाची समिती येणार होती.

आमचं कॉलेज विद्यापीठाचं घटक महाविद्यालय आहे. म्हणजे इमारत आमची, शिक्का त्यांचा. आता विद्यापीठाला आम्हाला मुख्य आवारात हलवायचंय, मुलामुलींच्या एकत्र वर्गांत. आडवी येते फक्त एक अट. कॉलेज विद्यापीठात गेलं तेव्हाच ठरलेलं की द्वारकाबाईंच्या अंतिम इच्छेनुसार हे कॉलेज कायम मुलींचंच आणि इथेच राहील. सोमवारी समिती तपासणार होती की ही संस्थापिका नेमकी कोण.

बाकीच्यांचं काय झालं असतं माहीत नाही, माझं ठरलेलं होतं. मी आंबिवलीची. आमच्या घरात गुणाजी आजोबांचा शब्द चालतो आणि त्यांचा शब्द होता, "बायांचं कॉलेज असंल तर जा. पोरं आली की बंद. मग पोहे करायला शिकायचं." आमच्याकडे पोहे खायला नसतात, दाखवायला असतात. शहाडचं एक स्थळ तर पोह्यांसाठी प्लेट घेऊनच बसलेलं.

तर द्वारकाबाई गेल्या म्हणजे माझं टी.वाय. गेलं.

२. सत्यशोधन समिती

प्राचार्यांनी तातडीने सत्यशोधन समिती नेमली. समारंभामुळे बाकी सगळ्या मॅडम रांगोळी समिती, भोजन समिती आणि पुष्पगुच्छ समितीत अडकलेल्या, म्हणून समितीत एकट्या दीप्ती मॅडम आल्या. त्या खेळ शिकवतात. गळ्यात शिट्टी असते, ती त्या लग्नातही काढत नाहीत.

मला त्यांनी मदतीला घेतलं. मी खो-खो संघात राखीव आहे, म्हणजे रिकामं बसायचा अनुभव दांडगा.

आम्ही हॉल बघितला. चित्राचा हार खाली टाकलेला नव्हता, तबकात गोल ठेवलेला. चढायला घेतलेला बाक जागेवर सरकवलेला आणि पुसलेला. हॉलचे सगळे पंखे, दिवे बंद, वर मेन स्विचही बंद. भिंत भुंडी दिसू नये म्हणून तक्ता टांगलेला, तोही दोरी मापात घेऊन, अगदी सरळ.

"मॅडम, एवढा गुणी चोर मी पाहिला नाही," मी म्हटलं. "याला ठेवून घेऊया."

"तक्ता कुठला?"

"गृहविज्ञानच्या लॅबमधला. कपाटामागे होता म्हणे. आम्हाला माहीतच नव्हतं आहे म्हणून."

दीप्ती मॅडमनी गेटवरच्या साईनाथला बोलावलं. साईनाथ हा आमचा वॉचमन. माझ्या सख्ख्या मामाला त्याने दोनदा हाकललेलं आहे.

"साईनाथ, काल परकं कोण आलेलं आत?"

"परकं? काय बोलता मॅडम! चिमणी आली नाय. एक ते युनिवर्सिटीचे साहेब आलेले, राजरत्न सर, ते रजिस्टरवर सही करून. बाकी कोण नाय. आईशपथ."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. राजरत्न सरांची गाडी पुन्हा आलेली आणि मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं, चौकोनी आडवं पडलेलं.

दीप्ती मॅडमनी शिट्टी मारली. गाडी जागच्या जागी थांबली. शेजारच्या रस्त्यावरच्या दोन रिक्षाही थांबल्या.

३. चपटं, चौकोनी

राजरत्न सर विद्यापीठात उपकुलसचिव. विलीनीकरणाची फाईल त्यांच्याच टेबलावर.

"सर, ते चादरीत काय आहे?" दीप्ती मॅडमनी विचारलं.

"आमचं व्हिजन," सर म्हणाले.

"चादर काढता का?"

त्यांनी काढली. खरंच विद्यापीठाचं व्हिजन होतं. खाली मिशनही होतं. समितीच्या स्वागताला हॉलमध्ये लावायचा फलक, कोपऱ्यातलं एक अक्षर निसटलेलं.

"चित्र गेलं हे ऐकलं," सर म्हणाले. "वाईट वाटलं. माझी आई इथलीच. कोपरीहून यायची, लग्नानंतर शिकली. मला कडेवर घेऊन वर्गात बसायची. आमच्या घरी देवांच्या शेजारी द्वारकाबाईंचा फोटो आहे."

"मग सर, तुम्हीच कॉलेज हलवताय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाळ, मी उपकुलसचिव आहे. मी काही करत नाही. माझ्या हातून होतं."

मला एकदम त्यांची दया आली. चादरीची घडीसुद्धा ते स्वतःच घालत होते.

"एक सांगतो," ते म्हणाले. "समितीला चित्रात रस नाही. समिती विचारणार, बाई कोण, कुठली, केव्हाची. ते सांगता आलं तर अट टिकेल. तुमच्या हेमांगीबाई इतिहास लिहितायत ना? पहिलं प्रकरण दाखवा, काम झालं."

४. पहिलं प्रकरण

हेमांगी मॅडम इतिहास शिकवतात आणि सुवर्णमहोत्सवी ग्रंथ लिहितायत. लायब्ररीच्या कोपऱ्यात त्या ग्रंथाचं दुसरं प्रकरण होतं, तिसरं होतं, बारावंसुद्धा होतं.

"पहिलं?" दीप्ती मॅडमनी विचारलं.

हेमांगी मॅडमनी चष्मा काढला आणि रडायला लागल्या.

"मी नाही गं चोरलं चित्र. पण खोटं नाही बोलत, गेल्याचं कळलं तेव्हा मला हलकं वाटलं. दोन वर्षं शोधतेय मी या बाईला. कोपरीतले म्हणतात आमच्या आळीतली. टिटवाळ्यातले म्हणतात आमची, तळ्याकाठी घर होतं. प्रत्येक बॅचची द्वारकाबाई वेगळी! हिला माहेर नाही, सासर नाही, नवऱ्याचं नाव नाही, आणि तरी ही विधवा आहे. दीप्ती, बाकी काहीच नसताना नुसतं वैधव्य कुठून आणलं हिने?"

"उत्तरामॅडमना विचारलंत?"

उत्तरामॅडम म्हणजे आमच्या जुन्या प्राचार्या, त्याआधी गृहविज्ञानाच्या प्राध्यापक, त्याआधी पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनी. रिटायर झाल्यावर कॉलेजात फिरकल्या नव्हत्या. या समारंभाला मात्र प्रमुख पाहुण्या म्हणून यायला कबूल झालेल्या. स्टेजवर खुर्ची बरोबर चित्राखाली.

"विचारलं. दर वेळी त्या मला काहीतरी खायला देतात."

दीप्ती मॅडमनी अहवालासाठी चित्राचा फोटो मागितला. मी फोन काढला. माझ्याकडे द्वारकाबाईंसोबतचे सेल्फी ढिगाने. गॅलरी उघडली तर फोननेच मध्ये तोंड घातलं. दोन गोल चेहरे शेजारी शेजारी आणि खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का?

एक चेहरा चित्रातल्या द्वारकाबाईंचा. दुसरा उत्तरामॅडमचा. मागच्या आठवड्यात आम्ही मुली आमंत्रण द्यायला डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलेलो तेव्हाचा.

"बघा मॅडम, अक्कल! म्हातारी दिसली की एकाच पिशवीत भरतो," म्हणत मी 'नाही'वर बोट नेलं.

दीप्ती मॅडमनी माझा हात धरला. दोन्ही चेहरे मोठे करून बघितले. पांढरे केस, गोल चष्मा, डाव्या भुवईला तीच खाच. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवलीच नाही.

५. अंधारात अळूवडी

शनिवारी दुपारी आम्ही डोंबिवलीला गेलो. दार उत्तरामॅडमनीच उघडलं आणि मी ओळखलंच नाही. केस काळेकुळकुळीत. नव्याने रंगवलेला फळा असतो ना, तसे. गोल चष्म्याच्या जागी चौकोनी.

"मॅडम, केस..."

"समारंभ आहे ना, म्हटलं जरा नीटनेटकं दिसावं. बसा, अळूवडी तळतेय."

त्या आत गेल्या आणि जाता जाता पंख्याचं बटण बंद केलं, दिव्याचंही. आम्ही दोघी सोफ्यावर, अंधारात, घामाघूम.

"विसरल्या वाटतं आपण बसलोय ते," मी कुजबुजले.

"विसरल्या नाहीत," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "मी या बाईंच्या हाताखाली शिकलेय. खोलीतून निघाल्या की बटण बंद. एकदा पूर्ण वर्ग पेपर लिहीत असताना केलेलं."

मला हॉलचा मेन स्विच आठवला.

दीप्ती मॅडमनी साईनाथला फोन लावला.

"साईनाथ, गुरुवारी परकं नाही, आपलं कोण आलेलं?"

"आपलं? आपल्या उत्तरामॅडम आलेल्या ना, खुर्च्या कशा मांडल्या बघायला. जाताना मीच रिक्षा थांबवली. सामान पण मीच उचलून ठेवलं, साडीत बांधलेलं, फळीसारखं."

"मग काल का नाही बोललास?"

"तुम्ही परकं विचारलेलं, मॅडम! त्या काय परक्या हायत?"

उत्तरामॅडम प्लेट घेऊन बाहेर आल्या. दीप्ती मॅडम उभ्या राहिल्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

"मॅडम, जो तो चित्र कुणी नेलं ते शोधत होता. मी विचार केला, आताच का नेलं? पन्नास वर्षं ते तिथेच आहे. बदललं असेल तर चित्र नाही, कुणीतरी माणूस. तुमचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, आणि गुरुवारी तुम्ही चित्रासमोर उभ्या राहिलात तेव्हा तुम्हाला दिसलं की सोमवारी तुम्ही त्याखाली बसलात तर सगळ्या सभागृहाला दोन द्वारकाबाई दिसणार. म्हणून चित्र भिंतीवरून काढलंत. नंतर खात्री वाटेना, म्हणून केसही रंगवलेत. चित्रासाठी तुम्हीच बसला होतात ना? पण मॅडम, यात लपवायचं काय? द्वारकाबाईंचा फोटो नसेल, तुम्ही मॉडेल झालात, एवढंच ना?"

उत्तरामॅडमनी प्लेट खाली ठेवली. दिवाणाचं झाकण उचललं. आत गाद्यांवर द्वारकाबाई पडल्या होत्या, अंगावर पातळ चादर, मानेखाली उशी.

"फोटो नव्हता हे खरं," त्या म्हणाल्या. "कारण बाईच नव्हत्या."

६. द्वारकाबाई कशा झाल्या

"आम्ही चौघी होतो," उत्तरामॅडम सांगायला लागल्या. "मी, कुमुद, शशी आणि रंगू. मॅट्रिक झालेल्या, आणि चौघींच्या घरी एकच उत्तर, मुलं असतील तिथे जायचं नाही. मग आम्ही गुळाच्या वखारीत वर्ग काढला. शशीच्या वडिलांची वखार. एक निवृत्त मास्तर शिकवायचे, मुंग्या आणि आम्ही शिकायचो. मुली वाढल्या, म्हणून मान्यता मागायला विद्यापीठात गेलो. तिथले कारकून म्हणाले, पोरींनो, संस्थापक कोण? आम्ही म्हटलं, आम्हीच. ते हसले. म्हणाले, घरचं कुणी मोठं पाठवा."

"मग?"

"परत येताना जिन्यात कुमुद म्हणाली, मोठं माणूस पाहिजे ना, करूया. पुढच्या खेपेला आम्ही सांगितलं, आमच्या द्वारकाबाई आहेत. ते म्हणाले, घेऊन या त्यांना. रंगूने तिथल्या तिथे डोळ्याला पदर लावला. म्हणाली, गेल्या हो."

"आणि ते?"

"उठून उभे राहिले. आम्हाला खुर्च्या दिल्या. त्या काळी चार जिवंत मुलींपेक्षा एका मेलेल्या बाईला जास्त मान होता. आता फारसं बदललंय असं नाही. पुढे त्यांनी निम्म्या जागा मुलांना मागितल्या, तेव्हा आम्हाला बाईंची अंतिम इच्छा आठवली. चित्र कुमुदने काढलं. तिला फक्त माझा चेहरा जमायचा. डोक्याला कापूस लावला, आजीचं लुगडं नेसवलं, म्हातारपणाच्या सुरकुत्या तिने अंदाजाने काढल्या." त्यांनी गालाला हात लावला. "एक सुरकुती चुकली नाही गं मेलीची."

कुमुद गेली, शशी गेली, रंगूला आता कुणी ओळखू येत नाही. हे त्यांनी फार हळू सांगितलं.

"मॅडम," मी म्हटलं, "सोमवारी द्वारकाबाई नसल्या तर मंगळवारी माझ्याकडे पोहे आहेत. शहाडचं स्थळ."

त्या हसल्या. मग माझ्याकडे बघतच राहिल्या आणि हसू थांबलं.

"घरी काय म्हणतात? मुलं असतील तिथे जायचं नाही?"

"हो."

"अजून?"

मी अळूवडी तोंडात टाकली. निघताना त्यांनी डबा दिला आणि म्हणाल्या, "चित्र सोमवारी मी घेऊन येते. वाटेत कुणाला दाखवू नका."

७. समिती

सोमवारी उत्तरामॅडम नऊवारीत आल्या. केसांचा रंग एका दिवसात उतरत नाही, म्हणून त्यांनी डोक्यावर टाल्कम पावडरचा डबाच उपडा केलेला. चालल्या की मागे ढग राहायचा. समितीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते, त्यांना शिंका सुरू झाल्या.

उत्तरामॅडमनी गोल चष्मा लावला, साईनाथकडून चित्र भिंतीला लावून घेतलं आणि त्याखाली उभ्या राहिल्या. रक्ताभिसरण बाजूला उभं होतं.

"तुम्ही विचारणार, द्वारकाबाई कोण," त्या म्हणाल्या. "मी पाव द्वारकाबाई. बाकीच्या तीन पाव आज येऊ शकल्या नाहीत." आणि सगळं सांगितलं. गूळ, मुंग्या, जिना, सगळं. "फसवलं आम्ही. शिक्षा मला करा. पण इच्छा खोटी नव्हती."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण शिंकच ऐकू आली. हेमांगी मॅडम रडत रडत लिहीत होत्या. पहिलं प्रकरण चालू झालेलं.

अध्यक्षांनी नाक पुसलं. "म्हणजे संस्थापिका नाही, म्हणजे इच्छा नाही. अट रद्द. विलीनीकरण..."

माझ्या डोळ्यांसमोर शहाडची प्लेट आली.

"सर, एक मिनिट," राजरत्न सर उठले. हातात फाईल. "अट रद्द करायची तर नियमाप्रमाणे संस्थापिकेच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. तो फाईलला नाही."

"अहो, त्या जन्मल्याच नव्हत्या!"

"तेच म्हणतोय सर. जन्मल्या नाहीत तर मेल्या नाहीत. मेल्या नाहीत तर विद्यापीठाच्या दप्तरी त्या हयात आहेत. हयात संस्थापिकेला न विचारता कॉलेज हलवता येत नाही. मृत्यूचा दाखला येईपर्यंत जैसे थे ठेवावं लागेल. त्यासाठी आधी जन्माचा दाखला लागेल." त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "तो विद्यार्थिनींनी रीतसर अर्ज करून मिळवावा."

अध्यक्षांनी नियम मागवला, वाचला, पुन्हा वाचला. मग सही केली, कारण दुसरं काही करायचा नियम नव्हता. चित्राबद्दल ठराव झाला की ते चोरीला गेलं नव्हतं, संस्थापिकेने स्वतः पुसायला नेलेलं.

घरी मी आजोबांना सांगितलं की कॉलेज आहे तिथेच आहे, पण मालकीण जन्मायची बाकी आहे. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"जन्मायला किती लागंल?"

"ऑफिसवर आहे, आजोबा."

"मंग व्हईल तुझं शिकून," ते म्हणाले. शहाडला त्यांनीच फोन केला.

जिन्यात राजरत्न सरांनी मला थांबवून सांगितलेलं, "अर्ज नीट करा. एकही गोष्ट लपवू नका. खरं लिहिलंत तर कुणी मंजूर करायची हिंमत करणार नाही." त्याप्रमाणे केला.

*प्रति,*
*मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग.*

*विषय: कै. द्वारकाबाई यांच्या जन्माची विलंबाने नोंद होऊन दाखला मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त व्यक्तीचा जन्म पन्नास वर्षांपूर्वी, वयाच्या अंदाजे साठाव्या वर्षी, विद्यापीठाच्या जिन्यात झाला. जन्मतःच त्या विधवा व कैलासवासी होत्या. प्रकृती उत्तम आहे.*

*आईचे नाव: उत्तरा, कुमुद, शशी, रंगू.*
*वडिलांचे नाव: लागू नाही.*
*नोंदणीस विलंबाचे कारण: आया शिकत होत्या.*

*तरी वरील चारही नावे आईच्या एकाच रकान्यात, कोणतेही नाव न गाळता, घेऊन जन्माचा दाखला देण्यात यावा. रकाना अपुरा पडल्यास तो मोठा करण्यात यावा, ही नम्र विनंती.*

*आपली विश्वासू,*
*ऐश्वर्या, द्वितीय वर्ष कला,*
*व कॉलेजातील इतर सर्व मुली*